चर्चवरची कवेलू

जुनं कवेलू दिसलं की आमच्या गावचं चर्च आठवतं आणि वैताग येतो. मातीच्या भिंती, सागवानी खांब, वर कवेलू, म्हणजे मातीची कौलं. दर उन्हाळ्यात घरटी एक माणूस येऊन ती फेरायचा, म्हणजे फुटकी बदलून पुन्हा नीट रचायचा, आणि अंगणात सगळ्यांचा स्वयंपाक व्हायचा. नव्या फादरांनी लोकांचे कष्ट वाचावेत म्हणून टिनाचे पत्रे ठोकले. मग एका रविवारी ऐन प्रवचनात पाऊस कोसळला. माझ्या शेजारी बसलेली म्हातारी उठून ओरडली, “फादर, तुमचं काईच आयकू नाई येऊन राह्यलं.” फादरही तितक्याच जोरात ओरडले, “पण बाई, गळून तर नाई राह्यलं ना?” मी कपाळावर हात मारला. परवा गेलो होतो. छत अजूनही गळत नाही, आणि अंगणात चूलही पेटत नाही.