आप्पांची कंपनी आणि आईंचं सिमकार्ड

गेल्या मंगळवारी शहाद्यात आमच्या घरी, जेवणाच्या टेबलावर, एका मोबाईल कंपनीची वार्षिक सभा झाली. म्हणजे सभा मुंबईतलीच, पण हल्ली ती ऑनलाइन असते... आणि माझे सासरे, आप्पा, तिच्यात बोलणार होते.

आप्पा साखर कारखान्यातून रिटायर झाले तेव्हा त्यांनी या कंपनीचे शेअर घेतले. ज्याच्या त्याच्या हातात मोबाईल आहे, मग ही कंपनी बुडेल कशी, असा त्यांचा साधा हिशोब.

मग दुसरी एक कंपनी आली आणि तिने इंटरनेट जवळपास फुकट वाटायला सुरुवात केली. गिऱ्हाईक जाऊ नये म्हणून बाकीच्यांनीही दर पाडले. छोट्या कंपन्या बंद पडल्या, आप्पांच्या कंपनीवर कर्ज चढत गेलं, आणि शेअर इतका खाली आला की आप्पांनी टीव्हीवर बाजाराच्या बातम्या लावणंच सोडून दिलं.

आम्हाला मात्र मजा होती... मी आणि माझे मिस्टर केव्हाच त्या स्वस्त कंपनीकडे गेलो. आप्पा गेले नाहीत, आणि सासूबाईंना, म्हणजे आईंनाही, जाऊ दिलं नाही. "आपली कंपनी शे," म्हणजे आपली आहे, एवढंच अहिराणीत म्हणायचे. सुरतेच्या नणंदेशी बोलता बोलता आईंचा व्हिडिओ कॉल अडकायचा, तरीसुद्धा.

शेअर विकून मोकळे व्हा, असं मिस्टर वर्षभर सांगत होते. आप्पा म्हणाले, "एकदा त्या चेअरमनशी बोलतो, मग ठरवतो." साध्या शेअरहोल्डरलाही सभेत दोन-तीन मिनिटं बोलता येतं, हे मला त्यांच्यामुळेच कळलं. मी ऑनलाइन नाव नोंदवून दिलं.

मंगळवारी आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या लॅपटॉपसमोर बसले. पण त्यांच्या फोनच्या इंटरनेटवर चेअरमनचं तोंड हललं की आवाज मागून यायचा... शेवटी मी माझा हॉटस्पॉट दिला. म्हणजे आपल्या कंपनीच्या सभेत आप्पा हजर झाले ते दुसऱ्या कंपनीच्या जोरावर.

बराच वेळ इंग्रजी भाषणं चालली. आई शेजारीच तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मग आप्पांचं नाव पुकारलं गेलं, आणि स्क्रीनवर आमचे आप्पा दिसू लागले... मागे फ्रिज, फ्रिजवर स्टीलचे डबे.

आप्पा हिंदीत बोलले, आमच्या शहाद्याच्या हिंदीत. "रिटायर हुआ तो जो पैसा मिला, उसमें से आधा आपके पास रखा है," ते म्हणाले. "आप लोग सस्ते में बेच बेच के कंपनी खतम करोगे. थोडा दाम बढ़ाओ. लोग देंगे."

शेंगा सोलणारे हात थांबले. ही रक्कम आईंना माहीत नव्हती... आप्पांनी 'थोडे शेअर आहेत' एवढंच सांगितलेलं. एका अनोळखी चेअरमनला सांगताना ते पहिल्यांदा घरात बोललं गेलं.

आईंनी मान वर केली आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "भाव वाढना तर मी मन्हं कार्ड बदली टाकसू. सांगी द्या त्यासले."

माइक चालू होता. मी बंद करायला धावले, पण तोवर आवाज मुंबईला पोहोचला होता. चेअरमननी विचारलं, "काकाजी, माताजी क्या कह रही हैं?"

आप्पांना काहीही सांगून वेळ मारून नेता आली असती. पण ते तसे नाहीत. ते सरळ म्हणाले, "वो बोल रही है, दाम बढ़ाया तो वो दूसरी कंपनी में चली जाएगी."

चेअरमन हसले. अगदी मनापासून, चष्मा काढून. "काकाजी, हमारी भी यही मुश्किल है. माताजी से कहिए, अभी कहीं न जाएँ." मागे बसलेले दोन-तीन सुटाबुटातले लोकही हसत होते.

लॅपटॉप मिटला तरी आप्पा तसेच बसून होते. मला वाटलं, अपमान झाल्यासारखं वाटलं असेल. आईंनी हळूच विचारलं, "मले काबर नही सांगं इतला दिन?"

"तुले काय सांगू... बुडनात," आप्पा म्हणाले. आणि मग का कोण जाणे, त्यांनाच हसू आलं. आई आधी रागाने बघत राहिल्या, मग त्याही हसायला लागल्या. कितीतरी दिवसांनी मी दोघांना असं एकत्र हसताना पाहिलं.

संध्याकाळी सगळे बसलो आणि ठरवलं. अर्धे शेअर विकायचे, जे मिळेल ते पोस्टात आईंच्या नावाने ठेवायचं. अर्धे राहू द्यायचे, आप्पांच्या हौसेखातर. हा तोडगा आईंनीच काढला, बरं का.

दर वाढले तर शेअर वाढणार, आणि दर वाढले तर रिचार्ज महागणार... एकाच घरात दोन्ही बाजू बसलेल्या असतात, हे मला इतकं सरळ कधी दिसलं नव्हतं.

आईंचा रिचार्ज आता संपत आलाय. कोणत्या कंपनीकडे जायचं ते त्या अजून सांगत नाहीत. आप्पा मात्र मंगळवारपासून रोज सकाळी उठून त्यांना आलं घालून चहा करून देताहेत... गिऱ्हाईक टिकवायचा हा उपाय चेअरमनना सुचला नसता. आमच्या घराला मात्र तो फार मानवलाय.