रोहण्याचं स्टेशन शोधताना

आमच्या म्हाताऱ्याने पुलगाव-आर्वीच्या छोट्या गाडीवर, रोहणा स्टेशनात, पाइंटमन म्हणून जन्म काढला. गाडी आली की रुळाचा सांधा बदलायचा. ती गाडी कधीच बंद पडली. आता वर्ध्याला लागून सिंदी मेघे, तिथल्या आमच्या गल्लीत कोणी त्याचं खरं मानत नाही. "आर्वीले रेल्वे? बुढा भ्रमला," म्हणतात. हल्ली तर त्यालाच शंका येऊ लागली. पायाने अधू, म्हणून मला म्हणाला, "तू पाहून ये. काई उरलं नसंन तं तसंच सांग."

नात ऋतुजाला घेऊन निघाले. मला अक्षर येत नाही. मी बोलते, ती मोबाइलवर बडवते.

वर्ध्याहून एसटीने पुलगाव. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना तिकीट नाही, फक्त आधार कार्ड दाखवायचं. कंडक्टरने फोटो पाहिला, मला पाहिलं, आणि फोटोवर जास्त विश्वास ठेवला. पुलगावात आलुबोंडा खाऊन घ्या, तर्री मागून घ्या. छोटी लाइन कुठून फुटायची, ते मात्र पानवाल्यालाही सांगता आलं नाही. मग आर्वीच्या बसने रोहणा.

"छोटी गाडी इतकी हळू चाले," मी सांगितलं, "का बाया उतरून बोरं वेचत अन् पुन्हा चढत."

"आजी, फेकू नको."

स्टेशन मी विहिरीवरून ओळखलं, तिथूनच आम्ही पाणी भरायचो. मागे बाभळी, त्यात कंबरेएवढी भिंत. तिथे चाळिशीचा एक माणूस बकऱ्या चारत होता.

"आजी, इथं टेशन नोयतं कधी. गोदाम होतं."

"टेशनच होतं. पाइंटमन होता इथं."

"कोनता पाइंटमन?"

आता आली पंचाईत. नवऱ्याचं नाव आम्ही बाया घेत नाही. लग्नात उखाण्यात घेतलं, तेवढंच. पण हा गडी गोदामावर अडून बसलेला.

"महादेव," मी म्हटलं.

तो थबकला. "महादेवकाका? माही माय सांगे, त्यानं आमची बकरी रुळावरून ओढली अन् वरून मायलेच शिव्या देल्या."

शिव्या म्हटल्यावर ओळख पक्की झाली.

घरी येऊन सगळं सांगितलं. रूळ नाही, घंटा नाही, अर्धी भिंत आहे.

"म्हंजे होतं," म्हातारा म्हणाला.

"होतं."

मग बकरीचं सांगितलं. ऋतुजाने लगेच चुगली केली, आजीने नाव घेतलं म्हणून. तो भिंतीकडे पाहत म्हणाला, "जोरात घेतलं का?"

"बकऱ्यावाल्याले ऐकू जाईन इतकं."

तेव्हापासून तो रोज दाढी करून दारात खुर्ची टाकतो आणि गल्लीला बकरीची गोष्ट सांगतो. काल बकऱ्या तीन झाल्या होत्या. मी दुरुस्त केलं नाही.