वटवाघळाची खुर्ची

घरात तिला सगळे तोफ म्हणायचे. नाव ठेवलं थोरल्या भावाने, तिला दुधाचे दात होते तेव्हा. लग्न झाल्यावर ते नाव सुटेल असं तिला वाटलं होतं, पण नवऱ्याला ते पहिल्याच आठवड्यात पटलं. ताडपत्र्या आणि तंबू शिवण्याच्या कारखान्यात ती जाड कापडाच्या मशिनवर बसायची. तिथल्या खडखडाटावर चढवलेला आवाज घरी आल्यावरही खाली यायचा नाही.

नवरा अगदी उलटा. बोलणं हळू, चालणं हळू, चहासुद्धा फुंकून फुंकून पिणारा. आणि असा माणूस पोटासाठी काय करायचा, तर हेलिकॉप्टरमधून सिनेमासाठी चित्रण. हेलिकॉप्टरचं दार काढून ठेवायचं, त्याने उंबऱ्यावर बसून पाय बाहेर सोडायचे, कॅमेरा छातीशी धरायचा आणि खाली पळणाऱ्या घोड्यांची, बोटींची, गाड्यांची चित्रं घ्यायची. कमरेला एक पट्टा, त्याचं दुसरं टोक आतल्या सीटच्या पायाला. सिनेमावाले त्याला कौतुकाने वटवाघूळ म्हणत.

"आणि ती सीट कशाला बांधलीय?" तोफेने एकदा विचारलं होतं.

"हेलिकॉप्टरला."

"तिचे बोल्ट बघितलेत कधी?"

"अगं, इतकी वर्षं झाली, काही झालंय का?"

"झालं तर सांगायला तुम्ही येणार आहात का?"

यावर तो हसायचा. तिला त्या हसण्याचाच राग यायचा.

सिनेमावाल्यांची तक्रार मात्र वेगळी होती. हेलिकॉप्टर थरथरतं, त्याबरोबर माणूस थरथरतो आणि चित्रात डोंगरसुद्धा थंडी वाजल्यासारखा कुडकुडतो. एकदा जेवताना नवऱ्याने हे सांगितलं, तेव्हा घास हातातच ठेवून विचारात पडला तो तिचा थोरला भाऊ, दादा. दादाचा वजनकाटे दुरुस्त करायचा छोटा कारखाना होता. तोल हा त्याचा जन्माचा विषय. हात धुवायच्या आधीच त्याने वहिनीच्या भाजीच्या पिशवीवर पेन्सिलने काहीतरी काढायला सुरुवात केली.

पुढे कित्येक महिने त्या घरात दुसरं बोलणं नव्हतं. एक लांब लोखंडी हात, त्याच्या एका टोकाला कॅमेरा, दुसऱ्या टोकाला कॅमेऱ्याच्या भाराइतकं वजन, मध्ये स्प्रिंगा, बुडाला रबराचे ठोकळे. आणि एका डबीत गरगर फिरणारी दोन जड चाकं. दादा त्यांना भोवरे म्हणायचा. फिरणारा भोवरा जसा सहजासहजी कलत नाही, तसा त्या डबीला जोडलेला कॅमेराही डुलत नाही, एवढीच मेख. चाचणी कुठे घ्यायची, तर वहिनीच्या कपडे पिळणाऱ्या मशिनवर. मशीन सगळ्या स्वयंपाकघरात नाचत होतं आणि वरचा कॅमेरा ध्यानाला बसल्यासारखा स्थिर.

"यांचं चित्र हललं नाही, पण माझी चादर फाटली," वहिनी म्हणाली.

पहिल्या उड्डाणाला दादाने बहिणीला मुद्दाम बोलावलं. तीही हौसेने गेली, नवी साडी नेसून. मैदानावर हेलिकॉप्टर उभं होतं. दादाचं यंत्र दारातून चांगलं हातभर बाहेर आलेलं. कॅमेरा आता लोखंडी हाताच्या टोकाला होता, म्हणजे तो धरणाऱ्यालाही तितकंच बाहेर जायला हवं होतं. त्यासाठी यंत्राच्या बाहेर आलेल्या आधाराच्या नळीवर एक फळी ठोकलेली. नवरा उंबऱ्यावर नव्हे, त्या फळीवर बसला. कमरेला तोच जुना पट्टा.

मग एक माणूस आला आणि त्याने कॅमेऱ्याला पोलादी साखळी लावली. ओढून पाहिली. मग दुसरी लावली, वेगळ्या कडीत. तीही ओढून पाहिली.

तोफ तडक चित्रणाच्या व्यवस्थापकाकडे गेली. "कॅमेऱ्याला दोन कशाला?"

"विम्याची अट आहे, ताई. एक तुटली तर दुसरी हवी."

"आणि यांना?"

व्यवस्थापक मनापासून हसला. "त्यांना अनुभव आहे ना!"

तेवढ्यात पंखा फिरू लागला. हेलिकॉप्टर उठलं, वळलं, कलंडलं, आणि कलंडलं तेव्हा खालून तिला नवऱ्याच्या चपलांचे तळ दिसले. परत उतरल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दादाला कुणीतरी खांद्यावर घेतलं. तिने टाळी वाजवली नाही.

संध्याकाळी तिने दादाला त्याच्या कारखान्यात गाठलं. "कॅमेऱ्याचं वजन तुला तोंडपाठ आहे. माझ्या नवऱ्याचं किती, सांग."

दादाने हातातला पाना पुसायला घेतला.

"अरे, सख्खा मेव्हणा तुझा! त्याला आणखी बाहेर ढकललास तू, आणि खाली खुर्ची नाही, नुसती फळी दिलीस. कपडे वाळत घालायच्या काठीलासुद्धा दोन खिळे असतात!"

"मला कॅमेऱ्याचं सांगितलं होतं," दादा म्हणाला. "माणसाचं कुणी काही सांगितलंच नाही." आणि मग चिडून, "आयुष्यात पहिल्यांदा माझ्या कामाचं कुणी नाव काढलं, ते तुला बघवेना."

घरी नवऱ्याची वेगळीच कुरकुर. "चार माणसांत माझी शोभा केलीस. मला का बोलावतात? मी घाबरत नाही म्हणून. उद्या तू म्हणतेस तशी खुर्ची लावली तर कुणीही चढेल."

"चढू दे की! कुणीही चढेल आणि कुणीही धडपणे घरी येईल. तुमच्या धाडसाला डोक्यावर घेतात ते कौतुकाने नाही. धाडस फुकट मिळतं, खुर्ची करावी लागते!"

तिने स्वतःच अंगपट्टा शिवायला घेतला. खांद्यांवरून, छातीवरून, मांड्यांखालून. पण ट्रकवरची ताडपत्री आवळावी तसा तिने तो शिवला होता. नवऱ्याला त्यात वळताच येईना. काखेत लाल वळ घेऊन तो परत आला आणि पट्टा कोपऱ्यात फेकून दिला. या बाबतीत चूक तिची होती. तिने ती कबूल केली, तीही ओरडूनच, आणि शिवण उसवायला बसली. त्याला खिडकीच्या कट्ट्यावर बसवून, डावीकडे वळा, खाली वाका, असं करत तिने नवं माप घेतलं.

दादा मात्र बोलत नव्हता. तो वळला तो बहिणीच्या शब्दांनी नव्हे. एका चित्रणात यंत्राची स्प्रिंग कुरकुरू लागली. ती हवेत गेल्यावरच कुरकुरायची, जमिनीवर गप्प. हेलिकॉप्टर चालवणाऱ्या म्हाताऱ्या पायलटने दादाला सांगितलं, "वर चला आणि तिथेच बघा." दादा गेला. स्प्रिंगपर्यंत हात पोहोचायला त्याला फळीवर सरकावं लागलं. खाली आला तेव्हा त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. मैदानाच्या कडेला जाऊन तो ओकला. दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात जाऊन त्याने फळी भट्टीत घातली.

मग खुर्ची झाली. पाठ असलेली, पाय टेकायला आडवी पट्टी असलेली, यंत्राला बोल्टांनी जोडलेली, हेलिकॉप्टरच्या सांगाड्याला दोन निरनिराळ्या जागी जखडलेली. अंगपट्टा तोफेचा. नवरा नाइलाजाने बसला. चित्र आधीपेक्षा चांगलं आलं का, यावर तो कधी बोलला नाही. पण पुढच्या कामाला निघताना त्यानेच विचारलं, "खुर्ची चढवली ना गाडीत?"

दादा अशी आणखी यंत्रं करून भाड्याने देऊ लागला. वर्षभराने सिनेमावाल्यांच्या संघटनेने यंत्राचा गौरव केला. मोठं सभागृह, मंचावर यंत्र, त्यावर फुलं. या यंत्राने कॅमेऱ्याला गरुडाची नजर दिली, असं वक्ते म्हणाले. तोफ पहिल्या रांगेतून टक लावून बघत होती.

"खुर्ची कुठाय?" ती उभी राहून म्हणाली. मशिनवरचा आवाज, शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचला.

संयोजक लगबगीने खाली आले. "अहो, खुर्चीमुळे यंत्र नीट दिसत नव्हतं. आणि खरं सांगू का, भाड्याने नेणारे ती काढूनच ठेवतात. वजन वाचतं, तेवढं इंधन जास्त घेता येतं."

दादा मंचावर हे ऐकत होता. हातातली शाल त्याने खुर्चीच नसलेल्या त्या नळीवर ठेवली आणि माइकपर्यंत न जाताच खाली उतरला. त्या आठवड्यात त्याने कारखान्यातली सगळी यंत्रं बाहेर काढली आणि प्रत्येकाला खुर्ची वेल्डिंगने जोडून टाकली. बोल्ट ठेवलेच नाहीत. आता खुर्ची काढायची तर यंत्रच कापावं लागलं असतं.

परिणाम व्हायचा तोच झाला. मागणी निम्म्यावर आली. कुणीतरी यंत्राची नक्कल केली, खुर्चीशिवाय, आणि तिची हलकं यंत्र म्हणून जाहिरातही केली. म्हातारा पायलट तेवढा खुर्ची असल्याशिवाय उडायला तयार नसे, म्हणून त्याची कामं टिकली. नवराही त्याच्याबरोबरच जायचा. जुने लोक त्याला चिडवायचे, "वटवाघूळ म्हातारं झालं, आता बसायला खुर्ची लागते." तो चहा फुंकत म्हणायचा, "लागते."

दादाच्या कारखान्याचा फोन संध्याकाळी तोफ घ्यायची. एकदा कुणा तरुण व्यवस्थापकाचा आला.

"ते यंत्र खुर्चीशिवाय मिळेल का?"

"बाहेर कोण बसणार आहे?"

"आमचा कॅमेरामन. चांगला धीट आहे तो."

"त्याच्या घरी विचारलंत?"

"घरी कशाला विचारायचं?"

"मग तुमच्या साहेबांना विचारा, ते बसतील का फळीवर. ते बसणार असतील तर मी स्वतः येते खुर्ची कापायला!"

फोन ठेवला गेला. पुन्हा आला नाही. दोन दिवसांनी पायलटकडून कळलं, त्या सिनेमावाल्यांनी नक्कल भाड्याने घेतली आहे आणि उद्या सकाळी चित्रण आहे. तोफेने ताडपत्रीच्या कारखान्यात रजा टाकली, एक जास्तीचा अंगपट्टा पिशवीत घातला आणि नवऱ्याला म्हणाली, "उद्या स्वयंपाक तुमचा." सकाळी ती मैदानाकडे निघाली तेव्हा दादा कोपऱ्यावर गाडी घेऊन उभा होता. मागे एक सुटी खुर्ची बांधलेली होती.