घर केवळ कुटुंबीयांसाठी

आमच्या लेट्रिम जिल्ह्यात मनुष्य खऱ्या अर्थाने मरतो तो रेडिओवर. डॉक्टर नाडी सोडतो, पाद्री कपाळाला तेल लावतो. तथापि सकाळच्या बातम्यांनंतर नाव उच्चारले जाईपर्यंत शेजारी काळा कोट कपाटातून काढीत नाहीत. मृत्युवार्ता चालू असता कपात चमचा वाजवणेही अशिष्ट ठरते.

डेलिया मॅकगव्हर्न बालपणापासून रेडिओवरच्या या आवाजाची उपासक. कोंबड्यांना दाणे टाकता टाकता ती त्यांना वादळाचे इशारे देई, आणि शेवटी निवेदकाच्या गांभीर्याने त्यांचा निरोप घेई. हार्डवेअरच्या दुकानाच्या माडीवर जिल्ह्याचे स्वतःचे रेडिओ केंद्र निघाले, तेव्हा ती आणि तिची वर्गमैत्रीण अट्रॅक्टा गिलहूली एकाच दिवशी आवाजाच्या चाचणीस गेल्या. मृत्युवार्तांची खुर्ची अट्रॅक्टाला मिळाली. डेलियाच्या वाट्याला फोन आला: मृतांच्या घरून वार्ता उतरून घ्यायची आणि कागद स्टुडिओच्या काचेपलीकडे नेऊन द्यायचा.

वर्षानुवर्षे डेलियाने लिहिले आणि अट्रॅक्टाने वाचले. बाजारात बायका अट्रॅक्टाचा हात धरून म्हणत, माझ्या आईला काय सुंदर पोचवलंस गं. शेजारी उभ्या डेलियाला त्या बटाट्यांचा भाव विचारीत. अट्रॅक्टा तापातही येई, घसा बसला तरी मध चाटून वाची. एका दिवसापुरतीही खुर्ची तिने सोडली नाही. हा गर्व डेलियाला काट्यासारखा सले. घरी भांडी घासताना ती तीच वार्ता पुन्हा मोठ्याने म्हणे, अधिक संथ, अधिक शुद्ध. ऐकायला मात्र कोंबड्याच.

मग अट्रॅक्टाची आई, वृद्ध विनी गिलहूली, निवर्तली. स्वतःच्या घरचे मरण स्वतः वाचायचे नाही, हा आमचा अलिखित दंडक. अट्रॅक्टाच्या भावाने फोनवरून वार्ता सांगितली: शव घरीच आहे, अंत्यदर्शनाला दार सर्वांना उघडे. डेलियाने ती उतरून घेतली आणि आयुष्यात प्रथमच काचेच्या आत जाऊन बसली.

तिने अप्रतिम वाचले. मात्र अखेरच्या ओळीशी पोचताच तिला ते घर दिसले: अंगणभर मोटारी, हॅमच्या सँडविचांची ताटे, आणि अट्रॅक्टाचे गुणगान करणारी अवघी पंचक्रोशी. ती म्हणाली, "घर केवळ कुटुंबीयांसाठी." जीभ घसरली असे तिला पुढे सांगता आले असते. जीभ घसरली नव्हती.

मृतांविषयी रेडिओ जे सांगेल ते आमच्याकडे शिरोधार्य. कोणीही गेले नाही.

दुपारी डेलियाच गेली, घरी बसवेना. टेबलावर ओल्या फडक्याखाली सँडविचे जशीच्या तशी होती. भाऊ चर्चमध्ये गेला होता. शवपेटीशेजारी अट्रॅक्टा एकटी बसली होती, आणि खिडकीत रेडिओ मंद चालू होता.

"बस," अट्रॅक्टा म्हणाली. "ऐकलं मी. शेवटची ओळसुद्धा."

डेलियाने खोटे बोलण्यासाठी तोंड उघडले, आणि मिटले. "मुद्दाम म्हटलं मी," ती म्हणाली.

"माहीत आहे. तू चुकून काही बोलतेस होय गं? शाळेतसुद्धा नाही बोललीस कधी." अट्रॅक्टाने आईच्या बोटांतली जपमाळ सरळ केली. "त्या चाचणीच्या दिवशी मी दाराबाहेर उभी होते. तुझा आवाज माझ्याहून चांगला होता. केंद्राच्या साहेबांना माझे वडील ठाऊक होते, एवढंच. ताप अंगात घेऊन मी कशासाठी येत होते, वाटलं तुला? एकदा तुला लोकांनी ऐकलं असतं, की संपलं."

डेलियाने उठून सँडविचांवरचे फडके नीट केले.

"आता जा," अट्रॅक्टा म्हणाली, "संध्याकाळच्या वार्ता तू वाच, आणि माझ्या आईचं दार उघड. त्या सँडविचांचा पाव सुकायला लागलाय."

सायंकाळी डेलियाने रेडिओवरून दार उघडले. दिवे लागेपर्यंत गल्लीच्या टोकापर्यंत मोटारी उभ्या होत्या.

सायंकाळच्या वार्ता तेव्हापासून तिच्याकडेच राहिल्या. सकाळी अट्रॅक्टा वाचते, तेव्हा डेलिया फोन बाजूला ठेवून काचेशी उभी राहते, आणि कान देऊन चूक शोधते. सायंकाळी काम संपले तरी अट्रॅक्टा घरी जात नाही. कोट घालून, बटणे लावून, ती काचेशी त्याच जागी कान देऊन उभी असते.