सदाची व्हॅन आणि सुभेदारांचा रंग

फौजेतनं रिटायर होऊन घरी आलो तेव्हा बायको म्हणाली, "आता तरी त्या गाड्या सोडा." सोडल्या नाहीत. सध्या माझं पोस्टिंग कागलला, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. सीओ, म्हणजे कमांडिंग ऑफिसर, बायको. पण त्या दिवशी सकाळी सहालाच मी हुपरीत हजर होतो. अंगणात सदाची व्हॅन उभी होती आणि दुसऱ्या दिवशी सदाचा स्मृतिदिन होता.

सदा म्हणजे नाईक सदाशिव, आमच्या युनिटचा ड्रायव्हर. गाव शिरोळकडं, कृष्णाकाठी. ही व्हॅन त्यानं एका सुट्टीत जुनीच घेतली होती, आईला फिरवायला. घरात कानडीचा वावर, त्यामुळं तो आईला अव्वा म्हणायचा. आम्हीही अव्वाच म्हणतो. पुरात गावाकडच्या घरात आणि व्हॅनमध्येही पाणी शिरलं, तेव्हापासून त्या घराला कुलूप आहे आणि अव्वा हुपरीला लेकीकडं राहते. स्मृतिदिनाला ती गावी जाते, आणि जाते ती सदाच्याच गाडीतून. दुसरी गाडी दारात लावली तर पायरीवरनं उठत नाही.

मागच्या वर्षी व्हॅन वाटेत सारखी बंद पडली. शेवटी ट्रॅक्टरला दोर बांधून गावात न्यावी लागली. सगळ्या गावानं बघितलं. अव्वा उतरली आणि मला म्हणाली, "म्हादू, फुडल्या साली अशीच वडत आणायची आसंल तर भंगारात घाला. माझ्या लेकाची गाडी दोरीनं यायची न्हाय." जावई बसवराज पैंजण करणारा सरळ माणूस. त्यानं भंगारवाल्याला सांगूनही ठेवलं होतं. त्यामुळं माझ्याकडं तेवढा एकच दिवस होता.

रोग दोन होते. स्टार्टर कण्हायचा, दिवे मंद, हॉर्न रडका. आणि क्लच जड होत जायचा, मग गिअर पडायचाच बंद. इलेक्ट्रिशियन म्हणाला, "गिअरबॉक्स बघा." गिअरबॉक्सवाला म्हणाला, "वायरिंग बघा." दोघांनी मला चेंडूसारखं टोलवलं. वर्षभरात बॅटरी नवी घातली. डायनॅमो तपासला. क्लच केबल तर किती बदलल्या, प्रत्येक केबल काही दिवसांत आतल्या आत अडकायची. मी सगळं खापर पुराच्या गाळावर फोडून मोकळा झालो होतो.

आठला फोन वाजला. आमच्या युनिटचे माने सुभेदार, कोल्हापुरातनं.

"हवालदार, सिच्युएशन रिपोर्ट. ओव्हर."

"तसंच हाय, साहेब."

"किती वेळ लागंल? ओव्हर."

"सांगता येत न्हाय."

"मी निघालोय. आऊट."

सुभेदार साहेब फोनवर अजून असंच बोलतात. लोक हसतात. मी हसत नाही, कारण ते वायरलेस सेटवर शेवटचं कुणाला हाका मारत होते ते मला माहीत आहे.

आम्ही वर पहाडात होतो. मी व्हेईकल मेकॅनिक, सदा ड्रायव्हर. रोज सकाळी फर्स्ट परेड, म्हणजे गाडी हलवायच्या आधी तेल, पाणी, टायर, ब्रेक सगळं बघायचं. सदाची परेड झाली की तो बॉनेटवर थाप मारून ट्रकला म्हणायचा, "उठा पावणं." ट्रक उठायचा. शेगडीभोवती बसलो की त्याची एकच गोष्ट. "गावच्या वळणावर दोन हॉर्न मारलं की अव्वा चहा टाकती. दारात गाडी लागंस्तवर कप भरल्याला." शंभरदा ऐकली असेल. एके दुपारी आमच्या गाड्यांच्या कॉन्व्हॉयवर दरड आली. मागची गाडी जवानांसकट अडकली. सदा आपली गाडी सोडून मागं गेला, ती गाडी बाहेर काढून दिली आणि चालत परत येत होता. तेवढ्यात दुसरी दरड आली. सुभेदार साहेब सेटवर त्याला बोलवत राहिले. "सदा, रिपोर्ट. ओव्हर." बराच वेळ बोलवत होते.

दहाला साहेब आले. हातात रंगाचा डबा आणि ब्रश, गावातल्या सदाच्या स्मृतिशिळेच्या कठड्यासाठी. ह्या माणसाला रंगाचं वेड आहे. युनिटमध्ये इन्स्पेक्शन लागलं की कुंड्या, दगड, फायर बकेट, सगळ्यावर ब्रश फिरायचा. एकदा मेसमधल्या कोंबड्यांचं खुराडंही हिरवं झालं होतं आणि दोन कोंबड्याही.

मी सीट उचलून इंजिन उघडं केलं आणि बसवराजला स्टार्टर मारायला लावला. गाडी कण्हली. अव्वा पायरीवर शेंगा निवडत बसली होती.

"म्हादू, करपल्याचा वास येतोय बघ."

"जुनी गाडी हाय, अव्वा. वास येणारच."

"तसं न्हवं. चालताना येत न्हाय. चावी फिरीवली की येतोय. मागल्या सालीबी तसंच हुतं."

मी पुन्हा चावी मारायला सांगितली आणि हात क्लच केबलवर ठेवला. चटका बसला. क्लच केबल ओढायची वस्तू आहे, ती तापायचं कारणच नाही.

सोपं करून सांगतो. बॅटरीतनं निघालेला करंट काम करून बॅटरीकडं परत जातो. त्या परतीच्या वाटेला आम्ही अर्थिंग म्हणतो. इंजिन रबरावर बसलेलं असतं, म्हणून त्याला बॉडीशी जोडायला एक जाड विणलेली पट्टी असते. ती वाट बंद झाली की करंट मिळेल त्या लोखंडातनं घुसतो. इथं तो क्लच केबलमधनं जात होता. केबल आतनं भाजत होती, म्हणून गिअर पडत नव्हता. चार्जिंग नीट होत नव्हतं, म्हणून दिवे आणि हॉर्न मेलेले. दोन रोग नव्हतेच, एकच होता.

गाडीखाली झोपलो. पट्टी जागेवर, बोल्ट घट्ट. बोल्ट खोलला. पट्टीखाली रंग होता. हिरवा, जाड, गुळगुळीत. पूर ओसरल्यावर गंज धरू नये म्हणून कुणीतरी पट्टी काढून, रंग देऊन, वाळवून, पुन्हा लावून वर दुसरा हात दिला होता. एवढं शिस्तीत काम गॅरेजवाला करत नाही.

"साहेब, जरा वाकून बघा."

साहेब वाकले. "कुणी दिलाय ह्यो रंग?"

"तुमीच की."

साहेबांनी रंगावरनं बोट फिरवलं. मग म्हणाले, "बसलाय मातुर चांगला."

मी गाडीखाली पडूनच हसलो. अव्वा शेंगा सोडून हसत होती. "सुभेदारा, उद्या त्या शिळेवरचं माझ्या लेकाचं नाव तेवढं ठेव बाबा. त्यावर ब्रश फिरवू नगंस." साहेबांनी डबा अंगणाच्या कडेला ठेवला.

कानशीनं घासून लोखंड पांढरं केलं. पट्टी आवळली. नवी केबल घातली. साहेबांनी स्वतः चावी मारली. एका चावीत इंजिन सुरू. गिअर लोण्यासारखा पडला. मी हॉर्न दाबला तर शेजारचं कुत्रं उठून पळालं. हॉर्न ऐकला आणि अव्वा उठून घरात गेली. बसवराजनं माझ्यासमोरच भंगारवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी व्हॅन मी चालवली. अव्वा शेजारी, मांडीवर पिशवी. साहेब मागं. गाडी कुठं अडली नाही. गावच्या वळणावर आलो आणि मी हॉर्न दिला. दोनदा.

"शिळंकडं नगं," अव्वा म्हणाली. "घराकडं घे."

"अव्वा, सगळी लोकं रांगेत फॉल-इन होऊन थांबल्यात."

"हॉर्न वाजला न्हवं? मग चहा टाकाय नगं व्हय?"

तिनं कमरेची किल्ली काढली. पिशवीतनं चहापूड आणि साखर निघाली. म्हणजे बाई कालच ठरवून बसली होती. उभ्या सर्व्हिसमध्ये साहेब कुठल्या परेडला उशिरा गेले नाहीत. त्यांनी घड्याळ बघितलं आणि फोन लावला. "कार्यक्रम थांबवा. चहा व्हायचा हाय. ओव्हर."

दूध शेजारनं आलं. अव्वानं पहिला कप भरला, व्हॅनपाशी गेली आणि स्टिअरिंगपुढं डॅशबोर्डवर ठेवला. मग आम्हाला दिला. आम्ही अंगणात उभ्यानंच प्यालो. माझे डोळे भरले होते, साहेबांचेही, आणि कुणी कुणाकडं बघितलं नाही. सदाचा कप निवेपर्यंत थांबलो. मग अव्वा गाडीत बसली, डॅशबोर्डवर थाप मारली आणि म्हणाली, "उठा पावणं."

एका चावीत उठली.