टायरच्या कोऱ्या कडा

आमच्या खानदेशात मोटारसायकलचा टायर फक्त मधोमध झिजतो. जळगावहून भुसावळला जा नाहीतर धुळ्याला जा, रस्ता आपला नाकासमोर सरळ. वळण म्हणून जे काही येतं ते हँडल जरासं हलवलं की संपतं. त्यामुळे टायर मध्ये सपाट होऊन जातो आणि दोन्ही बाजूंच्या कडा मात्र दुकानातून आणल्या दिवशीच्या तशाच, रबराच्या बारीक केसांसकट कोऱ्या राहतात. कडा कोऱ्या म्हणजे या माणसाने गाडी कधी झुकवलीच नाही, हे गाडीतलं कळणाऱ्याला एका नजरेत दिसतं. आमच्या मोटारसायकलवाल्या ग्रुपातल्या मंडळींनी यावर उपाय काय काढावा? पॉलिश पेपर. रविवारी सकाळी मागचं चाक उचलून ठेवायचं, फिरवत फिरवत कडा घासायच्या आणि फोटो काढून ग्रुपवर टाकायचा. खाली पंचवीस जण अंगठे दाखवणार. ते पंचवीस जणही आदल्या रविवारी हेच करून बसलेले.

असल्या लोकांबरोबर मी ट्रॅक डे केला, म्हणजे रहदारी नसलेल्या बंद रस्त्यावर दिवसभर वळणं घेत गाडी पळवायची. कोणी जबरदस्ती केली नव्हती. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो, पिंप्राळ्यात राहतो, आणि दिवसभर अकरावी-बारावीच्या पोरांना घर्षण समजावून सांगतो, जे त्यांना समजत नाही. माझ्याकडे तीनशे सीसीची एक गाडी आहे. कॉलेजात, घरात, नातेवाइकांत मी कुठेही असलो तरी माझं डोकं कुरकुरत असतं. फक्त गाडी झुकवून वळण घेताना ते गप्प होतं. आयुष्यात मला एवढी एकच गोष्ट मनापासून आवडली, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

दोन वर्षांपूर्वी कन्नडच्या घाटात खडीवरून घसरलो आणि खांद्याजवळचं हाड मोडलं. बायको तीन आठवडे मला भरवत होती. चौथ्या आठवड्यात, मी स्वतःच्या हाताने जेवायला लागलो त्या दिवशी, तिने शांतपणे सांगितलं, "आता पुन्हा एकदा जरी पडलात तर गाडी विकायची. कारण सांगायचं नाही, वाद घालायचा नाही." तिचे वडील समोरच बसले होते. आबा भुसावळला रेल्वेत होते, शब्द दिला की दिला असं मानणारा माणूस. त्यांच्या देखत मी "हो" म्हणालो. तेव्हापासून मी गाडी चालवायचो ती त्या "हो"ला सोबत घेऊन.

म्हणून तर टायरच्या बाबतीत मी कोणाचं ऐकून घेत नसे. जळगावात टायर घ्यायला गेलो की दुकानदार टायरमध्ये नख रुतवायचा प्रयत्न करतो, नख रुतत नाही आणि तो खूश होतो. "सर, हा घ्या. दगड आहे दगड. तीस हजार किलोमीटर बघायला नको." टायर दगडासारखा असणं हा आमच्याकडे त्याचा सर्वांत मोठा गुण. किती चालेल, हा एकच प्रश्न. रस्ता धरेल का, हे त्या दुकानात मी सोडून कोणी कधी विचारलं असेल असं मला वाटत नाही. मी मऊ रबराचा टायर मागितला तर त्याने माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "एका उन्हाळ्यात संपेल," म्हणाला. संपू दे की! टायर संपण्यासाठीच असतो, माणूस संपू नये म्हणून. पण हे त्याला कोण सांगणार?

शेवटी पुण्याहून जोडी मागवली. नव्या टायरवर कारखान्यातला एक बुळबुळीत थर असतो, तो घालवल्याशिवाय गाडी झुकवायची नाही. मी चार दिवस पहाटे कॉलेजच्या मैदानाशेजारच्या डांबरी रस्त्यावर इंग्रजी आठचे आकडे काढत फिरलो. हळूहळू झुकवत दोन्ही कडा रस्त्याला लावून आणल्या. फिरायला आलेले पेन्शनर मला वेडा समजत होते. समजोत. ज्यांनी जन्मभर सरळ रस्त्यावर ब्रेक दाबला त्यांच्या मताला मी काय किंमत देणार?

ट्रॅक डे म्हणजे काय होता तेही सांगितलं पाहिजे. आमच्या भागात खरा ट्रॅक नाही. आमच्या ग्रुपातल्या एका दातांच्या डॉक्टरांनी धुळ्याला लागूनच भागीदारीत एक ले-आउट पाडलं होतं. प्लॉट विकले जात नव्हते, पण डांबरी रस्ते मात्र गुळगुळीत तयार होते. कमान होती, कमानीवर दोन हत्ती होते, आत एकही घर नव्हतं. त्या रस्त्यांवर नारिंगी शंकू मांडून डॉक्टरांनी ट्रॅक केला. एका वळणावर 'नियोजित क्लब हाउस' अशी पाटी होती, म्हणून त्या वळणाचं नाव क्लब हाउस कॉर्नर. हे नाव घेताना डॉक्टरांचा चेहरा परदेशातल्या शर्यतीची कॉमेंट्री करत असल्यासारखा व्हायचा.

जानेवारीतला रविवार ठरला. आदल्या आठवड्यात घरी जेवताना मी या मंडळींची टिंगल करत होतो. त्यांच्या गाड्या कशा चकचकीत, आणि माझ्या गाडीकडे बघून ते कसे "सर, धुवायला वेळ मिळत नाही का?" म्हणतात, हेही सांगितलं. मला त्याचं काही वाटत नव्हतं, मी हसतच सांगितलं. बायको शिवणक्लास चालवते. ती माझं सगळं ऐकते आणि फारसं बोलत नाही. त्या दिवशीही तिने सगळं ऐकून घेतलं.

रविवारी अंधारातच निघालो. ती उठून फाटकापर्यंत आली, शाल गुंडाळून उभी राहिली. गाडीकडे बघत होती, माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, हिला त्या अटीची आठवण करून द्यायची असेल. मी वैतागून म्हणालो, "लक्षात आहे माझ्या." आणि निघालो.

नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर सरळ. थंडी मी म्हणत होती. पोहोचलो तेव्हा कमानीखाली पोहे आणि चहा चालू होता, आणि मंडळी एकमेकांच्या गाड्यांसोबत फोटो काढत होती. मी हेल्मेट काढलं आणि नेहमीचं काम सुरू केलं. कोणी विचारो न विचारो, मी वाकून प्रत्येकाच्या टायरवरून अंगठा फिरवतो. डॉक्टरांनी रिमच्या मापापेक्षा दोन मापं रुंद टायर बसवला होता, मागून दिसायला भारी दिसतो म्हणून. तो टायर अरुंद रिमवर आवळला जाऊन त्याचा आकारच बिघडला होता. झुकवल्यावर कोणता भाग रस्त्याला लागेल ते देवालाच माहीत. मी त्यांना ते सांगितलं. "पण लूक बघा ना, सर," ते म्हणाले. तोंडात कवळी बसवतानाही हे असंच करत असतील.

जळगावच्या सराफाने तर कमाल केली होती. कुठून तरी शर्यतीचे वापरलेले स्लिक टायर आणले होते, ज्यांच्यावर एकही खाच नसते. गाडी पिकअपमधून आणली होती. ते रबर चांगलं तापल्याशिवाय धरत नाही, तापवायला शर्यतवाले विजेची ब्लँकेटं गुंडाळतात. याने गुंडाळला होता गाडीला भगवा शेला, पूजेचा. पुढच्या चाकाखाली लिंबू. शिवाय हवा चाळीस, म्हणजे वाजवीपेक्षा कितीतरी जास्त, पंपावरच्या माणसाने भरली तेवढी. मी म्हणालो, "शेठ, थंडीत हा टायर आणि साबणाची वडी सारखीच." त्यांनी हसून मला पोह्यांची डिश दिली. आता अशा माणसाचं काय करायचं? मी हवा मोजायचं मीटर काढून सगळ्यांची हवा मोजत सुटलो, आकडे मोठ्याने वाचत, नाक मुरडत. मनातल्या मनात सगळ्यांना नापास करून टाकलं. मला फार बरं वाटत होतं, हे कबूल करतो.

दोंडाईच्याहून एक प्राथमिक शिक्षक आले होते. दीडशे सीसीची जुनी गाडी, तिच्यावर दुकानदाराच्या आवडीचे दगडी टायर, अंगात पावसाळ्यातलं जॅकेट. त्यांच्या टायरवर मी दोन वाक्यंही खर्च केली नाहीत. ते माझ्या गाडीपाशी उकिडवे बसले होते. मला म्हणाले, "सर, तुमना टायर भलताच चमकी राह्यना. एकडाव पुसी ल्या."

"नवे आहेत. नवे टायर चमकतातच," मी म्हणालो. आणि त्यांना रबराचे प्रकार समजावून सांगितले. ते "हाव" म्हणून उठले. मी काही वाकून पाहिलं नाही. सकाळपासून डझनभर टायरांवर अंगठा फिरवला होता, स्वतःचे सोडून.

पहिली फेरी सावकाश घेतली, टायर गरम करायला. दुसऱ्या फेरीत क्लब हाउसच्या वळणावर गाडी उजवीकडे झुकवली. डोकं नेहमीप्रमाणे शांत झालं. पुढच्या क्षणी मागचं चाक कोणीतरी काढून नेल्यासारखं बाजूला गेलं आणि मी डांबरावर होतो. गाडी घसरत प्लॉट नंबरच्या दगडाला जाऊन टेकली. उजवं मनगट जागच्या जागी सुजलं. सराफाची गाडी साबणाच्या वडीवर बसून माझ्या शेजारून सावकाश, सुखरूप निघून गेली.

दोंडाईच्याच्या गुरुजींनी मला उठवलं. मी डाव्या हाताने मागच्या टायरच्या कडेवर अंगठा फिरवला. अंगठा काळा आणि तेलकट झाला. टायरच्या मधल्या भागावर काही नव्हतं, तिथलं पंच्याण्णव किलोमीटरमध्ये रस्त्याने पुसून काढलं होतं. कडांवर मात्र टायर चमकवायचं पॉलिश जसंच्या तसं होतं. धुलाई सेंटरवाले टायरच्या बाजूला लावतात ते. इथे ते रस्त्याला लागणाऱ्या रबरावरही लावलेलं, काठोकाठ, अगदी निगुतीने. हे कोणी लावलं ते मला कळेना. दातांच्या डॉक्टरांनी माझा हात पट्टीने गळ्यात बांधला आणि गाडी सराफाच्या पिकअपमध्ये चढली.

घरी आबा आलेले होते. बायकोने दार उघडलं, गळ्यातला हात पाहिला, आणि पाणी आणलं. आबा गाडी पिकअपमधून उतरताना बघत होते. ते म्हणाले, "ठरलं होतं ना?" एवढंच. मला तिथेच "हो" म्हणता आलं असतं. पण गाडी जाणार हे डोळ्यांसमोर आलं आणि मी म्हणालो, "मी पडलो नाही. कोणीतरी टायरला पॉलिश लावलं होतं."

"मी लावलं," बायको म्हणाली. "शनिवारी तुम्ही कॉलेजला गेल्यावर. शेजारच्यांकडून बाटली आणली. ब्लाउजच्या उरलेल्या कापडाने लावलं. ते लोक तुमच्या गाडीला हसतात ना." तिचा आवाज अजून साधा होता. मग तिने माझा चेहरा पाहिला.

मी काय केलं? मी वर्गात करतो तेच. घर्षण म्हणजे काय, तेलकट थराने ते किती कमी होतं, टायरची कड म्हणजे काय, हे सगळं मी तिला तिच्या वडिलांसमोर उभं राहून समजावलं. बारावीतल्या ढ पोरालाही हे कळतं, असं म्हणालो. जीव गेला असता माझा, असंही म्हणालो. दोंडाईच्याच्या माणसाने मला पुसून घ्यायला सांगितलं होतं, हे सांगितलं नाही. ते आज इथे पहिल्यांदा लिहितो आहे.

आबा उठून आत गेले. तिने माझ्या गळ्यातल्या पट्टीकडे पाहिलं. मग म्हणाली, "म्हणजे तुम्ही नाही पडलात. मी पाडलं. मग गाडी विकायचं काही कारण नाही."

मी जिंकलो होतो. गाडी राहिली, आजही आहे. त्या संध्याकाळी मी पायरीवर बसलो होतो. ती मागून डबा आणि फडकं घेऊन आली, गाडीपाशी जमिनीवर बसली आणि टायर पुसायला लागली. डब्यात रॉकेल होतं.

"रॉकेल नको," मी म्हणालो. "रबर खराब होतं. साबणाचं पाणी घे."

तिने डबा नेऊन रिकामा केला, धुतला, साबणाचं पाणी आणलं. दोन्ही टायर काठोकाठ घासले, मागचं चाक हाताने फिरवत. झाल्यावर पदराला हात पुसले आणि विचारलं, "आता बघा, बरोबर आहे का?"

मी पायरीवरून उठलो, वाकलो, आणि डाव्या हाताचा अंगठा टायरच्या कडेवरून फिरवून पाहिला.