सिस्टरांचा फिरता कोपरा

“तू पायाळू,” सिस्टर म्हणायच्या. नमस्कार वगैरे त्यानंतर. भाजीच्या हातगाडीपाशी, बँकेच्या रांगेत, कुठेही. एकदा प्रचाराला दारात आलेल्या उमेदवाराला त्यांनी कार्यकर्त्यांदेखत सांगितलं, “तू आडवा आलता. अजून तसाच हायेस.” उमेदवार पाया पडला आणि पुढच्या घरी गेला.

पांढरकवड्यात त्यांनी नोकरीभर बाळंतपणं केली. गावातल्या निम्म्या माणसांना त्यांनी पहिल्या मिनिटाला पाहिलं होतं, आणि पुढे कोणी कितीही मोठा झाला तरी त्या मिनिटाला बनलेलं मत त्यांनी बदललं नाही. त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे. त्या सिस्टर होत्या, निवृत्त झाल्यावरही सिस्टरच राहिल्या.

आमची भिंतीला भिंत होती. मी बातमीदार असलो तरी त्यांच्या घरातलं ऐकायला कौशल्य लागत नव्हतं. दूध उतू गेलं की दुधाला, नळ गेला की नळाला आणि मी दिसलो की मला शिवी मिळे. ‘भैताड’ ही त्यातली सगळ्यात सौम्य. बाकीच्या इथे गाळतो.

एका दुपारी शिव्या थांबेचनात, आणि सगळ्या एकाच जागेवरून येत होत्या. मी गेलो. सिस्टर स्वयंपाकघरात ओट्याखाली बसल्या होत्या, एक हात कपाटात खांद्यापर्यंत गेलेला.

तुमचाही ओटा काटकोनात वळत असेल, तर त्या वळणाखाली असा कोपरा असेलच. दार हातभर, आत अंधार, आणि सगळ्यात मागे एक डबा. सिस्टरांना तो डबा हवा होता. वाकल्या, गुडघे गेले, खाली बसल्या, मग उठता येईना.

मी त्यांना धरायला वाकलो.

“आधी डाय काढ,” त्या म्हणाल्या. “मंग मले काढ.”

डाळीचा डबा काढला, मग त्यांना. खुर्चीत बसल्यावर म्हणाल्या, “जिंदगीभर न पाहता हात घालून बाहेर काढत आली. अन् आज डब्यानं इज्जत घेतली.”

ही बातमी नागपूरला पोचली. मुलगा नागपुरात नोकरीला होता, एकुलता, सरळ स्वभावाचा. त्याच्याविषयी सिस्टरांची एकच तक्रार होती. “तालुक्याचे पोरं पाह्यले येताना, हा एक नाही पाह्यला. म्हणून समजत नाही मले.” तो दुसऱ्याच दिवशी आला. आईला कायमचं घेऊन जायचं, घर भाड्याने द्यायचं, असं त्याने ठरवूनच आणलं होतं.

“आई, आज शेजारी होते. उद्या नसले तर?”

“कोपऱ्यात वाकली म्हणून पडली. कोपरा सोडून मी कुठं वाकते?”

“पण कोपऱ्यात तर वाकशीलच ना.”

“नाही वाकत. कोपरा माह्याकडे येईन.”

मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. शेवटी तो म्हणाला, “दसऱ्याला येतो. तोपर्यंत तसं झालं तर राहा. नाही झालं तर बॅग भरून ठेव.”

“पेपरवाला साक्षीदार हाये,” सिस्टर म्हणाल्या. अशा रीतीने मी या प्रकरणात आलो.

कोपरा चालत येणार कसा, हे त्यांनी फोनवर पाहून ठेवलं होतं. मधोमध उभा पाइप, त्यावर दोन गोल फळ्या, बोटाने ढकललं की मागचा डबा पुढे. यासाठी त्यांनी मिस्त्रींना बोलावलं. मिस्त्री दारं-खिडक्या करणारे, पन्नाशीचे, स्वतःच्या कामावर बेहद्द खूश. त्यांची तिन्ही मुलं सिस्टरांच्या हातावर झालेली, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती.

“होऊन जाते, सिस्टर. आपल्याकडे काय नाही होत?”

मिस्त्रींनी कपाटात डोकं घालून आतलं माप घेतलं. घरी जाऊन सुंदर गोल फळ्या कापल्या, कडेला डबे घसरू नयेत म्हणून पट्टी ठोकली, पाइपात बसवल्या, पॉलिश केलं आणि अख्खा सांगाडा ऑटोतून आणला. आतलं माप तंतोतंत होतं. दाराचं कोणी घेतलं नव्हतं.

“हे अंदर नाही जाऊन राह्यलं, सिस्टर.”

सिस्टर खुर्ची ओढून समोर बसल्या. इतक्या दिवसांत त्या प्रथमच खूश दिसल्या.

“आडवं आलं,” त्या म्हणाल्या. “जोर लावू नको. थांब. कळ येऊ दे.”

“लाकडाले कळ कशी येईन?”

“तुले येईन. तिरपं कर. डोकं खाली घे. अजून. फिरव. फिरव म्हटलं ना, चोट्ट्या, ओढू नको.”

सांगाडा अर्धा आत गेला आणि बसला. पुढे जाईना, मागे येईना. मिस्त्रींनी घाम पुसला, घोटभर पाणी घेतलं, पुन्हा ढकललं. सिस्टरांनी दोन्ही बाजूंनी हात फिरवून पाहिला आणि मान हलवली.

“सीझर,” त्या म्हणाल्या.

पॉलिश केलेल्या फळ्या मिस्त्रींनी डोळे मिटल्यासारखं करून मधोमध कापल्या. आत नेऊन लोखंडी पट्ट्यांनी पुन्हा जोडल्या. सिस्टर म्हणाल्या, “टाके बारीक घाल.”

फिरण्यासाठी खाली बेअरिंग लागतं. आमच्या गावातून हायवे जातो, गॅरेजांना तोटा नाही. मिस्त्रींनी ट्रकच्या चाकाचं जुनं बेअरिंग आणलं. ज्यावर माल भरलेला ट्रक हैदराबादपर्यंत जातो, त्यावर आता मीठ-मसाला बसला. सिस्टरांनी डबे लावले आणि सवयीने जोर लावून ढकललं.

फळी थांबली नाही. पहिल्या फेरीत हळद गेली. दुसऱ्या फेरीत तिखटाच्या डब्याचं झाकण उडालं. आम्ही तिघं अंगणात उभे राहून शिंकत होतो. मिस्त्री शिंकांच्या मधून म्हणाले, “फिरते तर झकास, सिस्टर.”

त्यावर सिस्टर जे बोलल्या, ते गाळतो.

मग टायरच्या ट्यूबची एक पट्टी कापून पाइपाला घासेल अशी लावली. फळी शहाणी झाली. ढकलली की फिरे, सोडली की थांबे.

दसऱ्याला मुलगा आला. त्याने हातपाय धुतले आणि सांगितलं, “आई, मला वरण-भात आणि वांग्याची भाजी कर. मी फक्त पाहतो.” सिस्टर स्टुलावर बसल्या. डाळ आली, तिखट आलं, तेलाचं भांडं आलं. कोपरा एकेक वस्तू आणून देत होता आणि त्या त्याच्याकडे न पाहता घेत होत्या. एकदाही वाकल्या नाहीत.

जेवण झाल्यावर मुलाने स्वतः फळी फिरवली. पुन्हा फिरवली. मग खिशातून फोन काढून फोटो घेतले, मिस्त्रींची टेप मागून मापं लिहिली. सिस्टरांना कोण अभिमान. “दाराचं माप आधी घेजो,” त्यांनी बजावलं. “ट्रकचं बेअरिंग नको घेऊ.” सगळं सांगितलं, काही हातचं राखलं नाही.

दिवाळीत तो परत आला आणि फोन आईच्या हातात दिला. नागपूरच्या स्वयंपाकघरात तसाच फिरता कोपरा, स्टीलचा, चकचकीत, सिस्टरांच्या बसण्याच्या उंचीला.

“आता तिकडेही वाकावं लागत नाही, आई.”

मी चहाचा कप खाली ठेवला. सिस्टर फोटोकडे बघत राहिल्या. मग बोटांनी तो मोठा करून पाहिला.

“चांगलं केलं,” त्या म्हणाल्या. “दार बरोबर बसलं.”

“मग?”

“मंग काय. तुह्या घरी मी चांगली राह्यते.”

“तेच म्हणतोय.”

“तसं नाही, बाबू. चांगली राह्यते म्हणजे तोंड धरून राह्यते. सून सगळ्याइले सांगते, आमच्या आई किती शांत हायेत. शांत. आठ दिवस झाले का जबडा दुखते माहा. इथं बसमधून उतरली, पयल्या भैताडाले शिवी देल्ली, तवा कुठं श्वास लागते.” त्यांनी फोन त्याच्या हातात परत दिला. “तुह्या बिल्डिंगमधले सगळे मले नमस्कार करते. चांगले लोक हायेत. पण कोण कसा जन्मला, मले काय मालूम? मी कोणाले काय बोलू?”

मुलाने फोन खिशात ठेवला. मग म्हणाला, “हे तू आधी का नाही सांगितलंस?”

“तू कोपऱ्याचं विचारलं. मी कोपऱ्याचं सांगतलं.”

तो हसला. माझ्या माहितीत त्या घरात तो पहिल्यांदाच मोठ्याने हसला. “राहा,” म्हणाला. “रोज सकाळी फोन करायचा. नाही आला तर मी गाडीत बसतो.”

फोन रोज जायचा. भिंतीपलीकडून ऐकू यायचा. नागपूरचा कोपराही वाया गेला नाही, सून त्यात बिस्किटं ठेवते. सिस्टर पुढे त्याच घरात राहिल्या आणि त्याच घरातून गेल्या. आता तिथे कुलूप आहे आणि आमच्याकडे फार शांतता आहे.

मला दिसते ती त्या दिवाळीनंतरची सकाळ. मुलगा निघाला होता. गाडी सुरू होती. सिस्टर फाटकाला धरून उभ्या होत्या. त्याने बॅग ठेवली, परत आला आणि पाया पडायला खाली वाकला. त्यांना खाली वाकून त्याला उठवता येत नव्हतं. त्यांनी नुसता त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो उठू लागला तसा जरा दाबला.

“वाक, वाक,” त्या म्हणाल्या. “तुहे गुडघे हायेत तवर वाकून घे.”